व्हीआरमध्ये डायरेक्टरचं कोण ऐकतंय?

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघितली असेल तर व्हीआरचं, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचं, डोळ्यांवर हेडसेट चढवून चारी बाजूंनी बघायच्या आभासी दुनियेचं, मेन दुखणं लगेच कळेल. ट्रॅक्टरवर अफजलखानाचा वध चाललाय, स्पीकरवर डायलॉग फुल्ल, आणि आपण बघतोय कुणाला, तर मागच्या गाडीवर मोबाईल चाळत बसलेल्या मावळ्याला. सिनेमात असलं चालत नाही, डायरेक्टरनं क्लोजअप दिला की गप क्लोजअप बघायचा. व्हीआरचा हेडसेट डोक्यावर चढवला की चौकटच गायब, मान वळवाल तिकडं गोष्ट, मग खून समोर होतोय आणि प्रेक्षक पाठीमागची खिडकी न्याहाळतोय, आता सांगणाऱ्यानं करायचं काय?

तर आवाज वापरायचा. समजा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, चारी बाजू टिपणारा ३६० डिग्री कॅमेरा ठेवलाय. छताला एवढं सुंदर दगडी कमळ, पण वर बघायचं कुणाला सुचत नाही. डोक्यावर पारवा फडफडल्याचा आवाज सोडा, मान आपोआप वर जाते बघा. बाजूनं आलेला आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा उशिरा, फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास, पण मेंदू त्यावरूनही डावं-उजवं ओळखतो. वरचं-खालचं कळतं ते मुख्यतः बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळं, त्यात आवाजाचा पोत बदलतो म्हणून. हेडसेट हे सगळं गणित मांडतो आणि मान हलली की परत पहिल्यापासून.

चित्राचंही तसंच, मान वळल्यावर साधारण २० मिलिसेकंदाच्या आत दृश्य बदललं पाहिजे. उशीर झाला की डोळे एक सांगतात, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र दुसरंच सांगतं, आणि पोटात ढवळायला लागतं. चोर्ला घाटात मोबाईल बघत गेलं की उलटी येते ती पण ह्याच भांडणातनं.

मला विचाराल तर ह्या माध्यमाची खरी नस १९९५ लाच सापडली होती. कॅनडाच्या कलाकार बाई चार (Char) डेव्हिस यांच्या 'ऑस्मोस' ह्या व्हीआर कलाकृतीत हातात काहीच धरायचं नव्हतं, छातीला पट्टा, श्वास घेतला की वर तरंगायचं, सोडला की खाली. त्यापुढं आजचे बंदुकीचे गेम म्हणजे नुसता दंगा.

अजून एक गोष्ट. इथं सारखे कट मारता येत नाहीत, प्रत्येक कटला प्रेक्षक उचलून दुसरीकडं टाकल्यासारखा गोंधळतो. सीन सलग करायचा, तोही चारी बाजूंनी दिसत असताना, म्हणून खानापूरकडच्या जत्रेत रात्रभर नाटक ओढणारी पोरं इथं रिटेकवाल्या हिरोपेक्षा भारी पडतील असं मला वाटतं. फक्त लाईट आणि डायरेक्टर लपवायचे कुठं, ते आधी ठरवून ठेवा.