बॅटरीच्या डर्ट बाईकमध्ये खरंच दम नसतो?

"बॅटरीच्या गाडीत दम नसतो," हे सोलापुरात सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. साफ चूक. 2021 मध्ये जाहीर झालेली स्टार्क वर्ग ही इलेक्ट्रिक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) बाईक 80 हॉर्सपॉवरची; पेट्रोलची 450 सीसी साधारण 55 ते 60 ची. क्लच नाही, गिअर नाही. मूठ पिळली की टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, लगेच मागच्या चाकावर. (नवख्याने जपूनच!)

खरी अडचण चार्जिंगची. पेट्रोल दोन मिनिटांत भरतं, बॅटरीला तास-दोन तास लागतात. त्यात आपला मे महिना! बॅटरी फार तापली की कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारा भाग) स्वतःच ताकद उतरवतो.

आणि "आवाज नाही तर मजा काय?" परदेशात याच आवाजाच्या तक्रारींनी कित्येक ट्रॅक बंद पडलेत.