अवयव सापडायला २७ वर्षं

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही दुपटीची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. त्या पटाला आणखी तीन घरं जोडून ६७ घरं भरली, तर एकूण दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. या एकवीस अंकी संख्येवर माझा फार जीव आहे.

दुपटीतून एक वजा केला की कधी मूळ संख्या मिळते, कधी नाही. ५ वा घात घेतला तर ३१, ती मूळ. ११ वा घेतला तर २०४७, आणि ती निघते २३ × ८९. फ्रेंच धर्मगुरू मारिन मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांतून मूळ संख्या मिळतात त्याची यादी दिली. तिच्यात ६७ होता. तो खरा की चुकीचा, हे ठरायला सव्वादोनशेहून अधिक वर्षं गेली.

१८७६ मध्ये एदुआर लुका यांनी दाखवून दिलं की ही संख्या मूळ नाही. मात्र तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता! हे कसं जमतं ते ३१ वर करून बघा. (त्यांच्या कसोटीचं हे पुढे सोपं झालेलं रूप.) ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, २ वजा करायचे, ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४ चे १४ होतात, १४ चे १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ चे ६२ म्हणजे बाकी ०. घात ५, म्हणून त्याहून दोन कमी, तीनच फेऱ्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर नाही. ६७ साठी अशा ६५ फेऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. संख्या फुटते एवढं कळतं. कुठे फुटते याचा मागमूस लागत नाही.

अवयव शोधायला एक आधार होता: तिचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असलाच पाहिजे. तरी धाकटा अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपाशी दडलेला होता, आणि हिशेब सगळा हाताने.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला लिहिलं १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ आणि शांतपणे गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती काळ लागला असं विचारल्यावर त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असं उत्तर दिल्याचंही सांगितलं जातं.

तोच गुणाकार आज संगणक क्षणात करतो. पण २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही हे पक्कं ठाऊक असूनही, हे लिहीपर्यंत तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही.