जड गॅलेना वर, हलका दगड खाली: रोळणं आणि फेनतरण

तांदूळ रोळताना आपला सगळा भरवसा वजनावर असतो. पाणी हलवत ओतलं की तांदूळ पाण्याबरोबर निघून येतात आणि खडा जड म्हणून तळाशी राहतो. दहावीत फेनतरण, म्हणजे दळलेल्या धातुकातलं (धातूचं खनिज असलेल्या दगडातलं) खनिज पाण्यात बुडबुड्यांच्या फेसावर आणून वेगळं करायची पद्धत, शिकताना हीच सवय आड येते. फेसात खनिज असतं, म्हणून मुलं सहज लिहून जातात, ‘हलकं खनिज वर तरंगतं, जड माती खाली बसते.’ हे उत्तर वाचलं की मला हळहळ वाटते, कारण या पद्धतीतली खरी गंमतच त्यात हरवते.

आकडेच बघा. उदयपूरजवळच्या जावरच्या खाणींत शिसं आणि जस्त एकाच दगडात सापडतं. शिशाचं खनिज गॅलेना पाण्याच्या साडेसातपट जड, जस्ताचं स्फॅलेराइट चौपट, आणि ज्या डोलोमाइटमध्ये ही दोन्ही रुतलेली असतात तो तिपटीच्याही आत. रोळायला घेतलं तर गॅलेना सर्वांत आधी तळ गाठेल. अशा धातुकाच्या फेनतरणात मात्र तेच आधी वर काढतात, आणि सगळ्यांत हलका डोलोमाइट गाळात जातो.

इथे निवाडा होतो तो कणाच्या कातडीवर: पाणी तिला भिजवतं की नाही? अळूच्या पानावरून थेंब जसा घरंगळतो, तसं पाणी कणावरून सरकलं पाहिजे. त्यासाठी बारीक दळलेल्या धातुकाच्या पाणीदार लगद्यात झँथेट नावाचं रसायन घालतात. त्याच्या रेणूचं गंधकाचं टोक गॅलेनाच्या पृष्ठावरच्या शिशाला धरतं आणि कार्बनची शेपटी बाहेर राहते. या शेपटीशी पाण्याचं जमत नाही. मग हवेचा बुडबुडा आदळला की कण त्याला चिकटतो आणि त्याच्याबरोबर वर जातो. डोलोमाइट झँथेटला दाद देत नाही, तो ओलाच राहतो. (पाईन तेलाचं काम वेगळं: बुडबुडे लहान ठेवायचे आणि फेस टिकवायचा.)

स्फॅलेराइटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. झँथेट जस्ताला नीट धरत नाही, त्यामुळे शिसं निघेपर्यंत ते खालीच राहू शकतं. झिंक सल्फेट आणि थोडं सायनाइड घालून त्याला मुद्दाम दाबूनही ठेवतात. नंतर त्याच लगद्यात मोरचूद टाकतात. तांब्याचे आयन पृष्ठावरच्या जस्ताची जागा घेतात, झँथेटला धरायला तांबं मिळतं, आणि मघाचा बुडणारा कण फेसावर येतो. कण तोच, पाण्याच्या चौपट जड तेव्हाही आणि आताही. बदलली ती अणूंच्या काही थरांइतकी कातडी.

वजन अगदीच हिशेबाबाहेर नसतं. कण भरड राहिला तर बुडबुड्याला तो पेलवत नाही, चिकटलेला असूनही गळून पडतो. फार बारीक झाला तर बुडबुड्याभोवतीच्या प्रवाहाबरोबर वळून निघून जातो, गाठच पडत नाही. म्हणून दळण्यावर इतकं लक्ष द्यावं लागतं.

उघड्यावर फार दिवस पडलेलं गॅलेना हवेने ऑक्सिडीकृत होतं. आतला कण तसाच, रोळलं तर आजही तळाशीच जाईल. फेसावर मात्र येईनासा होतो. मग सोडियम सल्फाइड घालून त्याच्या अंगावर सल्फाइडचा थर पुन्हा चढवतात आणि त्यानंतर झँथेट देतात.