एक रुंबा, दोन काँगो : संयुक्त नोंदीची पार्श्वभूमी

१४ डिसेंबर २०२१ रोजी काँगोची रुंबा, म्हणजे तिथले गाणे आणि नाच, युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. अर्ज दोन देशांनी मिळून केला होता: राजधानी किन्शासा असलेला मोठा काँगो आणि राजधानी ब्राझाव्हिल असलेला धाकटा काँगो. तरी नुसते ‘काँगो’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठा काँगोच येतो आणि सन्मान त्याच्याच खात्यावर जमा होतो. धाकट्या काठाच्या वाट्याला हे नेहमीचेच. म्हणून ही नोंद काय सांगते आणि काय टाळते, हे जरा बारकाईने पाहायला हवे.

नदी एकच. उत्तरेला ब्राझाव्हिल, दक्षिणेला किन्शासा, आणि मध्ये आजही पूल नाही. माणसे, माल, वाद्ये सगळे बोटीने जाते. दोन्ही काठांवर लिंगाला बोलली जाते आणि रुंबाही मुख्यतः त्याच भाषेत गायली जाते. उत्तरेचा काठ फ्रेंचांकडे गेला, दक्षिणेचा बेल्जियमकडे. १९६० मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले, दीड महिन्याच्या अंतराने.

नोंदीच्या अधिकृत मजकुरात रुंबाचे मूळ ‘न्कुंबा’ नावाच्या प्राचीन नृत्यात सांगितले आहे. किकोंगो भाषेत न्कुंबा म्हणजे कंबर. लोकांच्या तोंडी बेंबी असाही अर्थ आहे, कारण त्या नाचात जोडीदार पोटाला पोट लावून नाचत. मांडणी अशी: वसाहतीआधीच्या कोंगो राज्यातून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी हा नाच क्युबाला नेला, तिथे न्कुंबाची रुंबा झाली आणि विसाव्या शतकात ती तबकड्यांवर बसून मायदेशी परतली. कहाणी मनाला भिडणारी आहे. गुलामांच्या व्यापाराने तोडलेला धागा गाण्याने पुन्हा जुळला, हे कुणाला नको असेल? दोन्ही राजधान्यांत ती मनापासून सांगितली जाते. क्युबाच्या संगीतात कोंगो लोकांचा वाटा मोठा आहे, याबद्दल तर वादच नाही.

अडचण पुढची आहे. १९३३ पासून ‘जीव्ही’ मालिकेच्या तबकड्या आफ्रिकेच्या बाजारात येऊ लागल्या. आपल्याकडे ज्या कुत्र्याच्या शिक्क्याखाली नाट्यगीते घरोघर पोचली, त्याच शिक्क्याच्या या तबकड्या. त्यांवर क्युबातले जे संगीत होते ते मुख्यतः ‘सोन’ या प्रकारचे, गिटारीच्या अंगाने जाणारे. विक्रीच्या सोयीसाठी त्याला सरसकट रुंबा म्हटले गेले. खुद्द क्युबात रुंबा म्हणतात ते वेगळेच: ढोल, लाकडी टिपऱ्यांसारखी वाद्ये आणि मानवी आवाज. क्युबाची ती रुंबा याच यादीत २०१६ मध्ये नोंदली गेली. म्हणजे आज यादीत एका नावाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांचे नाते नावावरून वाटते तितके सरळ नाही. शिवाय रुंबा हा शब्द न्कुंबापासून न येता स्पॅनिशमधल्या ‘रुम्बो’पासून आला, असे मानणारेही आहेत.

मग न्कुंबावर एवढा भर कशाला? माझ्या मते उत्तर राजकीय आहे. राष्ट्राला आपला वारसा वसाहतीच्या आधीचा हवा असतो. बेल्जियन अमलातल्या शहरात, ग्रीक व्यापाऱ्यांच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांत, परदेशी तबकड्या ऐकून तरुण पोरांनी उभे केलेले संगीत सरकारी अर्जात दिमाखदार दिसत नाही. शिवाय ‘प्राचीन कोंगो राज्य’ म्हटले की कोणत्या काठाने आधी काय केले, हा प्रश्नच मिटतो. त्या राज्यात आजची सीमा नव्हती. दोन सरकारांना एका कागदावर सही करता येईल असे हेच एक उगमस्थान होते. पण खरा इतिहास, आणि माझ्या लेखी अभिमान वाटावा असा इतिहास, १९४० ते १९६४ या काळात आहे.

युद्धकाळात ब्राझाव्हिल ही मुक्त फ्रान्सची राजधानी होती आणि तिथल्या रेडिओचा आवाज दूरवर पोचत होता. १९४१ मध्ये तिथल्या एका गायकाने ‘व्हिक्टोरिया ब्राझा’ नावाचा संच काढला. त्याचा बोलबाला पलीकडे पोचला आणि नदीवरच्या बोटींत मेकॅनिक म्हणून राबणाऱ्या लिओपोल्डव्हिलच्या एका तरुणाने त्याच धर्तीवर ‘व्हिक्टोरिया किन’ उभा केला. आजच्या किन्शासाचे तेव्हाचे नाव लिओपोल्डव्हिल. नावातच नक्कल आहे आणि आव्हानही: तुमची व्हिक्टोरिया तर आमचीही व्हिक्टोरिया. आधी कोण, या प्रश्नावर ब्राझाव्हिलचे लोक आजही हे उदाहरण पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे.

पण यंत्रे पलीकडे होती. १९४८ मध्ये लिओपोल्डव्हिलमध्ये ‘न्गोमा’ ही तबकडी-कंपनी सुरू झाली, १९५० मध्ये ‘लोनिंगिसा’. दोन्हींचे मालक ग्रीक व्यापारी. त्याच १९४८ साली बोटीवरच्या त्या मेकॅनिकने ‘मारी-लुईझ’ हे गाणे मुद्रित केले आणि ते वणव्यासारखे पसरले. मध्यरात्री वाजवले तर मेलेली माणसे उठून बसतात, अशी त्याबद्दल वदंता होती, आणि मिशनऱ्यांना ते गाणे मुळीच रुचले नाही.

त्या तबकडीवर गिटार वाजवणाऱ्या साथीदाराला ‘सेबेने’चा जनक मानतात. सेबेने म्हणजे काय हे कानांनीच कळते, तरी सांगून पाहतो. गाण्याचा पहिला भाग संथ असतो. दोन-तीन गायक एकच ओळ जवळजवळच्या सुरांत गातात, जोडपी हळूहळू नाचतात. मग गायक थांबतात आणि गिटारी पुढे सरसावतात. एक गिटार लय धरून ठेवते. दुसरी वरच्या पट्टीत नाचत राहते. या दोघींमध्ये तिसरी, जिला तिथे ‘मी-सोलो’ म्हणतात, एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवते, आणि श्रोता त्या तुकड्यातच अडकतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे तेव्हाचे सेबेने आखूड आहेत. पुढे मोठ्या तबकड्या आल्या तसे ते लांबत गेले, इतके की गाणे सेबेनेची प्रस्तावना वाटू लागले.

यंत्रे एका काठावर, पण वाजवणारे दोन्ही काठांवर. बेल्जियन अमलात रात्री आफ्रिकन माणसाला गोऱ्यांच्या वस्तीत फिरायची मुभा नव्हती. फ्रेंच बाजू त्या मानाने सैल होती. तरी ध्वनिमुद्रणाचा पैसा पलीकडे असल्याने ब्राझाव्हिलचे वादक बोट पकडून जात. १९५६ मध्ये लिओपोल्डव्हिलमध्ये ‘ओके जाझ’ स्थापन झाला. पुढे तीन दशके आफ्रिका गाजवणारा, किन्शासाच्या अभिमानाचा मुकुटमणी असा हा संच. त्याचा पहिला म्होरक्या ब्राझाव्हिलचा क्लॅरिनेटवादक होता आणि सुरुवातीच्या काळातले इतर काही वादक-गायकही त्याच काठाचे. किन्शासाकडून हा इतिहास सांगितला जातो तेव्हा हा तपशील हमखास गाळला जातो. तो गाळू नये.

जानेवारी १९५९ मध्ये लिओपोल्डव्हिल दंगलींनी पेटले. त्याच वर्षी ब्राझाव्हिलच्या या मंडळींपैकी काहींनी घरची वाट धरली आणि ‘बांटू दे ला कापिताल’ (राजधानीचे बांटू) हा संच उभा केला. पोटो-पोटो वस्तीतल्या ‘शे फेन्यों’ या बारमध्ये १५ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. तारीख आपल्याही ओळखीची; पुढच्याच वर्षी त्याच तारखेला त्यांचा देशही स्वतंत्र झाला. संचाच्या नावातली ‘राजधानी’ ब्राझाव्हिल आहे, हे पलीकडच्यांना ऐकू जावे यासाठीच होते. आणि हा संच कुठल्याही अर्थाने दुय्यम नव्हता.

१९६० च्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये बेल्जियन काँगोच्या स्वातंत्र्यावर गोलमेज परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींबरोबर वादकही गेले. ‘आफ्रिकन जाझ’ या संचात प्रतिस्पर्धी ‘ओके जाझ’चेही दोघे सामील झाले होते. तिथे रचलेले ‘अँदेपांदांस चा चा’ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या जवळपास सगळ्या आफ्रिकेने आपले मानून गायले. त्या गाण्यात सीमा नव्हती.

सीमा चार वर्षांत आली. १९६४ मध्ये लिओपोल्डव्हिलच्या सरकारने ब्राझाव्हिलच्या नागरिकांना देशाबाहेर काढले. ब्राझाव्हिलमध्ये डावे सरकार, लिओपोल्डव्हिलमध्ये पाश्चात्त्यांच्या बाजूचे. संशयाला कारणे भरपूर होती. बोटींवरचा सहज वावर संपला. ज्या संचांत कोण कुठल्या काठाचा हे कुणी विचारत नव्हते, तिथे आता पासपोर्ट विचारला जाऊ लागला. माझ्या दृष्टीने रुंबाच्या इतिहासातली ही सर्वांत दुर्दैवी घटना. ‘कोणाची रुंबा’ हा प्रश्न वादकांनी जन्माला घातलेला नाही, तो सरकारांनी घातला.

पुढचे थोडक्यात. १९६५ च्या लष्करी उठावानंतर मोठ्या काँगोत एकाच माणसाची सत्ता आली आणि १९७१ मध्ये देशाचे नाव झाईर झाले. ‘अस्सलपणा’च्या धोरणाखाली माणसांची ख्रिस्ती नावे बदलली, सूट-टाय गेले, आणि संगीत ही सरकारी प्रतिष्ठेची बाब बनली. सप्टेंबर १९७४ मध्ये किन्शासात तीन रात्रींचा संगीतसोहळा झाला. ज्या मुष्टियुद्धाच्या निमित्ताने तो ठरला, ती लढत पुढे ढकलली जाऊन ऑक्टोबरअखेर झाली. जगाचे कॅमेरे एकाच काठावर रोखलेले होते. १९८९ मध्ये ‘ओके जाझ’चा प्रमुख गिटारवादक गेला तेव्हा झाईरमध्ये चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. ब्राझाव्हिलची रुंबा या झगमगाटात दिसेनाशी झाली. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहरापुढे वीसेक लाखांच्या शहराचा आवाज किती पुरणार?

ब्राझाव्हिलने उत्तर वेगळ्या मार्गाने दिले. १९९६ पासून तिथे अखिल आफ्रिकी संगीत महोत्सव भरू लागला. दुसऱ्याच वर्षी शहर यादवी युद्धात होरपळले, तरी महोत्सव टिकला. २०१३ मध्ये ब्राझाव्हिलला ‘संगीताचे सर्जनशील शहर’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि २०१५ मध्ये तोच किन्शासालाही. या दोन तारखांच्या मधल्या वर्षात काय घडले ते विसरता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ब्राझाव्हिलच्या पोलिसांनी पलीकडच्या नागरिकांना हुसकावण्याची मोहीम काढली. तिचे नाव ‘म्बाता या बाकोलो’, म्हणजे थोरल्यांची चपराक. लाखाहून अधिक माणसे सामानसुमानासह नदी ओलांडून किन्शासाच्या न्गोबिला धक्क्यावर उतरली. १९६४ ची परतफेड झाली, असे उघडपणे कुणी म्हटले नाही, पण इतिहास माहीत असलेल्याला दुसरे काही सुचणे कठीण. मोहिमेचे नावही लिंगालातच, गाण्यांच्याच भाषेत.

एवढे होऊन सात वर्षांच्या आत दोन्ही सरकारांनी एकाच अर्जावर सह्या केल्या. याचे मोल कमी लेखू नये. अमूर्त वारशाचा २००३ चा करार कुणालाही मालकी देत नाही आणि गोष्ट कुठे जन्मली याचा निवाडाही करत नाही. हा वारसा आमच्याकडे जिवंत आहे आणि आम्ही तो जपू, एवढेच अर्जदार देश सांगतो. पण घरी बातमी पोचते तेव्हा तिचा अर्थ ‘आपलेच ठरले’ असाच लावला जातो. उत्तर आफ्रिकेत हे स्पष्ट दिसते. २०२० मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानियाने कुसकुसची नोंद एकत्र केली. पुढच्या वर्षी अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले, आणि २०२२ मध्ये ‘राय’ संगीताची नोंद एकट्या अल्जीरियाच्या नावावर झाली. अल्जीरियातल्या ओरानमधले गाणे सीमेपलीकडे मोरोक्कोच्या ऊज्दातही तितक्याच हक्काने गातात, हे नोंदीत कुठे नाही. जोलोफ नावाच्या टोमॅटो-भातावरून घाना आणि नायजेरियाचे वर्षानुवर्षे जुंपलेले असताना, रुंबाच्याच बैठकीत सेनेगालने त्याच जातकुळीचा आपला मासळी-भात यादीत नेऊन ठेवला: दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. या सगळ्यांच्या तुलनेत दोन काँगोंनी शहाणपण दाखवले, असेच मी म्हणेन.

तरी एक देश या कागदावर नाही, आणि तो म्हणजे अंगोला. न्कुंबाचे मूळ कोंगो राज्यात आहे असे एकदा म्हटले, तर त्या राज्याची राजधानी म्बांझा कोंगो आजच्या अंगोलात येते. २०१७ पासून ती स्वतः जागतिक वारसास्थळ आहे. प्राचीन उगमाचा आधार घ्यायचा आणि त्या उगमाच्या राजधानीला बाहेर ठेवायचे, हे जुळत नाही. उगम १९४० च्या दशकातला मानला असता तर दोनच देशांचा अर्ज पूर्णपणे सयुक्तिक ठरला असता.

नियमांत वाट आहे. सेनुफो लोकांच्या बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची नोंद २०११ मध्ये माली आणि बुर्किना फासो यांच्या नावावर झाली आणि २०१२ मध्ये कोत दिव्हुआरला तीत सामावून घेतले गेले. तसा विस्तार रुंबाचाही करता येईल, पण त्यासाठी आता तीन राजधान्यांना एकत्र बसावे लागेल, आणि ‘व्हिक्टोरिया ब्राझा’पासून ‘शे फेन्यों’पर्यंतची वर्षे अर्जाच्या मजकुरात आणायची असतील तर पहिला आग्रह ब्राझाव्हिललाच धरावा लागेल.