लिपिड नॅनोकण

लिपिड नॅनोकण : आरएनएसारखे (पेशीत जनुकीय संदेश वाहणाऱ्या न्यूक्लिक आम्लासारखे) नाजूक रेणू पेशीच्या आत सुखरूप पोचवण्यासाठी मेदाभ रेणूंपासून म्हणजेच लिपिडांपासून घडवलेले, साधारणपणे ६० ते १०० नॅनोमीटर व्यासाचे कण. आरएनए नुसतेच रक्तात सोडले, तर तिथली विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे पाडतात. त्यातून जे वाचते तेही आकाराने मोठे आणि ऋणभारित असल्यामुळे पेशीपटलाबाहेरच अडते. त्यामुळे आरएनए-औषधांत रेणू तयार करण्यापेक्षा तो पोचवणेच बरीच वर्षे अवघड ठरले होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य केलेले पॅटिसिरान हे एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचे काम थांबवणारे छोटे आरएनए) गटातले पहिले औषध याच कणांतून दिले जाते. आनुवंशिक अमायलॉइडोसिसमुळे, म्हणजे शरीरात बिघडलेले प्रथिन साचत गेल्यामुळे, होणाऱ्या चेताविकारावर ते वापरतात. २०२० च्या अखेरीस फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या कोविड लसी आल्या, त्यांचाही आधार हाच.

कणात चार प्रकारचे लिपिड असतात. पॅटिसिरानमध्ये त्यांचे मोल-प्रमाण, म्हणजे रेणूंच्या संख्येचे प्रमाण, असे आहे : आयनीभवनक्षम (आम्लतेनुसार भार घेणारे किंवा सोडणारे) लिपिड ५० टक्के, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड १०, कोलेस्टेरॉल ३८.५ आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी) जोडलेले लिपिड १.५ टक्के. मॉडर्नाच्या लसीतही हेच प्रमाण आहे, फक्त आयनीभवनक्षम लिपिड निराळे, एसएम-१०२. डीएसपीसी आणि कोलेस्टेरॉल कणाला बांधून ठेवतात. पीईजी-लिपिड पृष्ठभागावर राहून कणांना एकमेकांना चिकटू देत नाही.

खरी करामत आयनीभवनक्षम लिपिडाची. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू धनभारित असतात ती पातळी, ६.२ ते ६.५ च्या आसपास ठेवतात. पीएच ४ ला ते जवळजवळ पूर्ण धनभारित असते आणि ऋणभारित आरएनएला धरून ठेवते. रक्ताच्या पीएचला, ७.४ ला, त्याचा भार जवळपास नाहीसा होतो, म्हणून कण रक्तात फारसे त्रासदायक ठरत नाहीत. कायम धनभारित राहणारे लिपिड वापरण्याचे आधीचे प्रयत्न विषारीपणामुळेच अडले होते. पेशी कणाला एन्डोसोम नावाच्या पुटिकेत ओढून घेते. ही पुटिका हळूहळू आम्लधर्मी होत जाते. तिथे लिपिड पुन्हा धनभारित होते, पुटिकेच्या पटलातील ऋणभारित लिपिडांशी जोडी जमवते, पटलाची द्विस्तरी मांडणी बिघडते आणि आरएनए पेशीद्रवात उतरते.

तयार करण्याची कृती दिसायला सोपी आहे. चारही लिपिड इथेनॉलमध्ये विरघळवतात. गार साठवलेल्या द्रावणातून डीएसपीसी किंवा कोलेस्टेरॉल खाली बसलेले असू शकते. ते कोमट करून पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर ठरवलेले प्रमाण कागदावरच राहते. आरएनए पीएच ४ च्या सायट्रेट किंवा अ‍ॅसिटेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, घेतात. आयनीभवनक्षम लिपिड किती घ्यायचे हे त्यातील नायट्रोजन आणि आरएनएतील फॉस्फेट यांच्या गुणोत्तरावरून ठरते. एमआरएनएसाठी, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणाऱ्या आरएनएसाठी, ते बहुधा ६ असते. १ मिलिग्रॅम एमआरएनएत सुमारे ३ मायक्रोमोल फॉस्फेट असतात, म्हणून १८ मायक्रोमोल आयनीभवनक्षम लिपिड लागते. एसएम-१०२ घेतले तर ते जवळजवळ १३ मिलिग्रॅम होते. मग एक भाग इथेनॉल आणि तीन भाग बफर यांचे प्रवाह सूक्ष्मनलिकांच्या चिपमध्ये किंवा टी-आकाराच्या जोडावर एकमेकांवर सोडतात. प्रयोगशाळेतल्या चिपवर एकूण प्रवाह मिनिटाला १२ मिलिलिटरच्या आसपास ठेवण्याची पद्धत रूढ आहे.

या टप्प्यावर सारा खेळ वेगाचा असतो. मिश्रण काही मिलिसेकंदांत एकजीव झाले, तर लहान आणि एकसारखे कण मिळतात. प्रवाह मंद असेल, तर लिपिडांना एकत्र येत राहायला वेळ मिळतो आणि कण मोठे व विषम होतात. पिपेटने हाताने मिसळल्यावर दर खेपेला वेगळा निकाल येतो तो यामुळेच. मिसळल्यानंतरही कण तयार झालेले नसतात. द्रावण पातळ करून, डायलिसिस किंवा स्पर्शीय गाळणीने (पटलाला समांतर प्रवाह ठेवून गाळण्याच्या पद्धतीने) इथेनॉल काढून पीएच ७.४ वर आणावे लागते. लिपिडाचा भार नाहीसा होताच छोटे कण एकमेकांत विलीन होतात आणि भरीव गाभ्याचा अंतिम कण बनतो. हे विलीनीकरण कुठे थांबेल ते पीईजी-लिपिड ठरवते. ते वाढवले की कण लहान होतात, पण पेशीही त्यांना कमी घेतात. इथेनॉल बराच वेळ तसेच राहू दिले, तर आकार वाढतच जातो.

तपासणीत प्रकाशाच्या विकिरणावरून आकार आणि त्यातील विषमता मोजतात. ही विषमता दाखवणारा बहुविषमता निर्देशांक ०.२ च्या खाली हवा. किती आरएनए कणात बंद झाले ते रायबोग्रीन या रंगद्रव्याने कळते. ते आधी फक्त बाहेरच्या मोकळ्या आरएनएवर चमकते, मग ट्रायटॉन हे अपमार्जक घालून कण फोडले की एकूण आरएनए मोजता येते. चांगल्या तुकडीत ९० टक्क्यांहून अधिक आरएनए आत असते. मात्र एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. आयनीभवनक्षम लिपिडातील तृतीयक अमाइनचे ऑक्सिडीभवन झाले की त्यापासून अल्डिहाइड निर्माण होतात. ते एमआरएनएच्या बेसना चिकटतात आणि त्या रेणूवरून प्रथिन बनत नाही. आकार उत्तम, बंदिस्तीही उत्तम, आणि औषध निकामी! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा दोष द्रव वर्णलेखनातच, म्हणजे रेणू वेगळे करून तपासण्याच्या पद्धतीतच, उघड होतो. म्हणून लिपिडाची शुद्धता आधी पाहावी.

साठवणीत एमआरएनएचे जलअपघटन ही मोठी अडचण असते. फायझर-बायोएनटेकच्या मूळ लसीला उणे ९० ते उणे ६० अंश सेल्सिअस तापमान लागत असे. गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना दाटीवाटीत लोटतात आणि ते चिकटतात. ते टाळायला सुक्रोज घालतात. कुपी जोरात हलवू नये, हलकेच उलटसुलट करावी.

शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृतात जातात. रक्तात पीईजी-लिपिड गळून पडते, अपोलिपोप्रोटीन-ई हे रक्तातले प्रथिन कणावर बसते आणि यकृतपेशींचे ग्राही त्याला ओळखतात. २०२० मध्ये दाखवले गेले की कायम धनभारित पाचवे लिपिड पुरेशा प्रमाणात मिसळले, तर उंदरांमध्ये कण फुप्फुसांकडे वळतात; ऋणभारित लिपिड प्लीहेकडे नेते. २०२१ पासून क्रिस्पर ही जनुक-संपादनाची साधनेही याच कणांतून माणसाच्या यकृतात पोचवली गेली. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका अर्भकाच्या सीपीएस-१ विकारासाठी (यकृतातल्या एका विकराच्या आनुवंशिक अभावासाठी) खास त्याच्याच उत्परिवर्तनावर बेतलेले बेस-संपादन (डीएनएतले एकेक अक्षर बदलणारे उपचार) याच मार्गाने दिले गेले, तेही एकाहून अधिक मात्रांत. जनुके पोचवायला विषाणू वापरला, तर त्या वाहकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असल्याने तिथे दुसरी मात्रा सहसा देता येत नाही.

एन्डोसोममधून सुटका हा मात्र अजून कच्चा दुवा आहे. एसआयआरएनए-कणांवरील २०१३ च्या मोजमापात पेशीत शिरलेल्या मालापैकी जेमतेम १ ते २ टक्के पेशीद्रवात पोचल्याचे दिसले. बाकीचा लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पाचक पुटिकेत, नष्ट होतो किंवा पेशीबाहेर टाकला जातो. नव्या लिपिडांची रचना, शाखायुक्त शेपट्या आणि शरीरात लवकर विघटित होणारे एस्टर-बंध, यांवरचे बरेचसे संशोधन हा आकडा वाढवून मात्रा कमी करण्यासाठीच चालू आहे.