सुरळीवाली वेगळी, गुंडाळणारी वेगळी

भातावरच्या दोन किडींची पुस्तकी नावं अशी: सुरळीतील अळी आणि पाने गुंडाळणारी अळी. आता सुरळी आणि गुंडाळी यात माणसाने फरक तो काय समजायचा? आमच्या गोव्यातल्या पेडण्यात 'पानं पांढरी पडली' एवढंच सांगून दुकानातून औषध आणतात, आणि बऱ्याचदा ते फुकट जातं.

दोघी पतंगांच्या एकाच क्रॅम्बिडी कुळातल्या. दोघींचे पतंग नखाएवढे, रात्री दिव्यावर येणारे. सुरळीवालीचा पांढराफटक, पंखांवर फिकट तपकिरी ठिपके. गुंडाळणारीचा पिवळसर, त्यावर गडद नागमोडी रेघा.

खरी गंमत अळीची. सुरळीवाली पानाचा शेंडा कात्रीने कापावा तसा कापते आणि त्या तुकड्याची नळी करून तीत राहते. गेल्या पावसात अशी एक नळी मी वाडग्यात पाण्यावर सोडली. थोड्या वेळाने एका टोकातून पिवळट डोकं बाहेर आलं. नळी उलगडली तर आत हिरवट, जवळजवळ आरपार दिसणारी अळी, आणि दोन्ही कुशींना बारीक पांढरे दोरे. ते तिचे कल्ले! पतंगाची अळी माशासारखी पाण्यात श्वास घेते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली होती. म्हणूनच ती लावणीनंतर पाणी तुंबलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात दिसते, आणि वारा नळ्या ढकलत नेईल त्या कोपऱ्यात जास्त.

गुंडाळणारीला पाण्याचं सोयरसुतक नाही. ती पान कापत नाही. उभं दुमडून कडा रेशमाने टाचते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते, त्याचे उभे पांढरे पट्टे दिसतात. घडी उघडून बोट लावा, टुणकन उसळते. युरियाचा हात सैल सुटला किंवा मेरेवरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाची सावली पडली, की हिचं फावतं. सुरळीवालीने खाल्लेलं भात बहुधा सावरतं, पण हिने लोंबीखालचं शेवटचं पान खाल्लं तर दाणा पोचट राहतो.

गुंडाळणारीसाठी पाणी काढून काही होत नाही. सुरळीवालीसाठी मात्र जुने लोक रॉकेलात भिजवलेला दोर भातावरून ओढतात, नळ्या पाण्यात पडल्या की पाणी बाहेर काढतात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, त्याला ओहोटी गाठावी लागते. आणि पाणी काढताना मेरेच्या तोंडाशी जुन्या मच्छरदाणीचं फडकं लावा, नाहीतर नळ्या तरंगत शेजाऱ्याच्या कुणग्यात जातील.