डीव्हीडीची प्रत काढली की चित्र बिघडतेच का?
प्रत काढली की चित्राचा दर्जा घसरतोच, हा समज व्हीएचएस कॅसेटच्या काळातला आहे. तेव्हा प्रतीवरून प्रत काढताना चित्र खरोखरच पुसट होत जाई. डीव्हीडीवर मात्र चित्र एमपेग-२ या, चित्रण दाबून लहान करण्याच्या पद्धतीने, आकड्यांत साठवलेले असते, त्यामुळे घरच्या लग्नाच्या डीव्हीडीतले ‘व्हिडिओ_टीएस’ (VIDEO_TS) हे, सगळे चित्रण ज्यात असते ते फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवले, तर मूळ आणि प्रत यांत तसूभरही फरक पडत नाही. दर्जा घसरतो तो ८.५ जीबीच्या दुपदरी डिस्कवरचे चित्रण ४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर मावावे म्हणून सॉफ्टवेअर ते पुन्हा दाबून लहान करते तेव्हा. मग वधूवरांवर अक्षता उधळल्या जातात नेमक्या त्याच क्षणी चेहऱ्यांवर चौकोनी ठिपके उमटतात, आणि ते पाहून फार वाईट वाटते.